लिअरची क्षमायाचना

‘किंग लिअर’च्या चौथ्या अंकाच्या अखेरीस वृद्ध पिता शुद्धीवर येतो आणि जिची त्याने हुंड्याविना, आशीर्वादाविना पाठवणी केली होती त्या धाकट्या कन्येपुढे गुडघे टेकू पाहतो. हा समेटाचा प्रवेश मानण्याचा प्रघात आहे. परंतु समेट म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे मिटत नाही, सुरू होतो.

आपला द्वेष करण्याचा तिला अधिकार आहे, हे लिअर मान्य करतो. कॉर्डेलिया असा अधिकार आपल्यापाशी असल्याचेच नाकारते. हे सत्य नव्हे. पहिल्या अंकात पित्याला बरे वाटावे म्हणून एक शब्दही वाढवून बोलण्यास जिने नकार दिला, तीच येथे प्रेमापोटी असत्य बोलते. शिवाय अपराधच घडला नसेल तर क्षमा कशाची? लिअरला प्रेम मिळते. ज्यासाठी तो वाकला ती क्षमा, काटेकोरपणे पाहता, मिळत नाही.

पाचवा अंक अधिक अस्वस्थ करतो. पराभवानंतर दोघे बंदिवान होतात. बहिणींना भेटायचे नाही का, असे कॉर्डेलिया विचारते. लिअर ते झिडकारून तुरुंगातल्या सहवासाचे चित्र रंगवू लागतो. तेथे तो पुनःपुन्हा तिची क्षमा मागणार आहे. फ्रान्सच्या राणीला हा सहवास हवा आहे काय, हे तो विचारत नाही. यानंतर नाटकात ती एकदाही बोलत नाही. क्षमायाचना आता वृद्धाचे सुख झाली आहे. पूर्वी त्याला मुलींकडून प्रेमाचे शब्द हवे होते. आता, अपराधी म्हणून का होईना, तिचे उरलेले सारे आयुष्य हवे आहे. त्याच्या पश्चात्तापाच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. अडचण नेमकी तेथेच आहे.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) हा पेच उद्भवत नाही, कारण तेथे कॉर्डेलिया नाही. अप्पा बेलवलकरांनी कोणत्याच अपत्याला घराबाहेर काढलेले नाही. सर्वस्व देऊन तेच बाहेर पडतात. अपराधाचे ओझे असे पित्यावरून मुलांवर सरकते. मराठी प्रेक्षकाने या पित्यासाठी मनःपूर्वक अश्रू ढाळले. ढाळताना त्याला स्वतःच्या पितृत्वाची झडती मात्र द्यावी लागली नाही.

लिअरला ती द्यावी लागते, पण फार उशिरा. मृत कन्येला हातांवर घेऊन आलेला तो, ती काही बोलते आहे असे वाटून कान देतो. तिचा अखेरचा प्रश्न त्याने कानाआड केला होता.