यंत्र गुरू होईल काय?

एकलव्याच्या कथेतला अंगठा तेवढा आपल्या लक्षात राहतो. ज्या मातीच्या मूर्तीपुढे त्याने धनुर्विद्या साधली, तिने त्याची एकही चूक दुरुस्त केली नव्हती, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आज चूक दाखवणारी मूर्ती घडली आहे. कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या शिष्याच्या देहावरील सांधे संगणक टिपतो (गूगलच्या मीडियापाइप या प्रणालीत असे 33 बिंदू धरतात), गुरूच्या चित्रफितीशी ते ताडून पाहतो आणि गुडघा किती कमी वाकला ते क्षणात सांगतो. आपल्या पारंपरिक नृत्यनाट्याच्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचे असे प्रयोग सुरू झाले आहेत.

हा विषय आपल्याला परका नाही. केरळच्या किनाऱ्यावरील लॅटिन कॅथलिकांचे चविट्टुनाटकम् ही आपल्याच श्रद्धाबंधूंची ठेव होय. पोर्तुगीज आल्यानंतर ते तेथे रुजले. शार्लमेन राजाची कथा सांगणारे 'कारलमान चरितम्' हे त्यातले नामांकित नाटक. भाषा तमिळमिश्रित, वेश युरोपीय राजांचा, आणि नट स्वतः गात गात लाकडी फळ्यांवर पाय आपटतात. त्या आघातावरूनच नाटकाला नाव पडले. शिकवणाऱ्यास आशान म्हणतात.

पावलाचा आघात तालात पडला की नाही, हे यंत्र बिनचूक सांगेल. त्याला राग येत नाही, कंटाळा येत नाही. (आम्हां धर्मगुरूंना धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन्ही येतात, हे कबूल केलेले बरे.) शिवाय ते कोणाची जात विचारीत नाही. कूडियाट्टम हे संस्कृत नाट्य शतकानुशतके चाक्यार व नंबियार या कुळांपुरते राहिले. 1965 साली पैंकुळम राम चाक्यारांनी केरळ कलामंडलममध्ये ते शिकवण्यास आरंभ केला, तेव्हा कुठे इतरांसाठी दार उघडले. द्रोणाचार्यांनी तर एकलव्याला दारातूनच परत पाठवले होते. गुरुपरंपरेचे गोडवे गाताना ही नाकारलेली माणसे आपण विसरता कामा नये.

तरीही यंत्राला गुरू म्हणण्यास आमचे मन धजत नाही. आज या मुलाचे पाऊल का अडखळते आहे, त्याच्या घरी आजारपण आहे की रात्रभर तो होडीवर होता, हे आशान जाणतो आणि त्या दिवशी त्याला बसवून ठेवतो. शिष्य रंगमंचावर चुकला तर आशानाची मान खाली जाते. यंत्राला खाली घालण्यास मान नाही. 28 जानेवारी 2025 रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'आन्तिक्वा एत नोव्हा' या टिपणातही शिक्षकाच्या प्रत्यक्ष सान्निध्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही, असे प्रतिपादन आहे. देहधारणेच्या रहस्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागू नये.

सरावासाठी यंत्र जरूर वापरावे. ज्या गावी आशान उरला नाही तेथे तर अवश्य. मात्र एक हिशेब राहतो. यंत्र जे शिकवते ते कोणाच्या तरी देहातून आलेले असते. आयुष्यभर फळ्यांवर पाय झिजवलेल्या वृद्धाची चित्रफीत यंत्राला शिकवण्यासाठी घेताना त्याची अनुमती कोणी मागितली काय? त्याचा वाटा कोणी ठरवला? अंगठा कोणाला द्यावयाचा, हे एकलव्याला ठाऊक होते. यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला त्या वृद्धाचे नावही कळेलच, असे नाही.