जोंगा नेमकी कशात असते?

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे चाके, आस की दांडा? एकेकटे काहीच रथ नाही आणि हे सगळे वगळून वेगळा रथही उरत नाही. जुनी जोंगा सांभाळणाऱ्यापुढे हाच प्रश्न आहे. निसान पॅट्रोलच्या पी-६० वर बेतलेली ही फोर-व्हील-ड्राइव्ह जबलपूरला लष्करासाठी बनत असे. उत्पादन केव्हाच थांबले. पार्ट मिळतात ते लिलावातून, भंगार बाजारातून, नाहीतर नवे घडवून घ्यावे लागतात. ट्रान्सफर केसचा दात तुटलेला गिअर समोर ठेवला, की कारागीर शाबूत दातांवरून तुटलेल्याचे माप काढतो. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन काढून कित्येक जण डिझेल बसवतात. मग जोंगा उरली कुठे?

कोणी म्हणेल, चासी नंबरात. मालकी ठरवायला ते पुरेसे आहे. पण नंबर गंजलेल्या सांगाड्यावरही असतो, त्याला गाडी कोण म्हणेल? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: सगळेच बदलता येत असेल, तर कशालाही जोंगा म्हणता येईल. तसे होत नाही. नव्या गिअरला जुन्याच्या दातात दात घालून फिरावे लागते. प्रत्येक बदल उरलेल्या गाडीने पारखलेला असतो. पारखण्याचा हा न तुटलेला क्रम हीच तिची ओळख, असे मला ठामपणे वाटते. म्हणून जोंगावाल्यांनो, तुटलेला पार्ट भंगारात देऊ नका. पुढचा त्याच्यावरूनच घडणार आहे.