पात आणि मूळ

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. शेतातला कांदा आधी चाळीत जायचा, तिथून लासलगावच्या बाजारात. त्याच्या भावावर घराचं वर्ष ठरायचं. परसातल्या पातीला मात्र भाव नव्हता. मोरीचं पाणी जिथं मुरायचं, तिथं आईनं गड्डे लावलेले. जमिनीपासून २ बोटं सोडून पात कापली, की १५-२० दिवसांत पुन्हा हाताशी. कांद्याचं पान शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढतं. वरून घ्या, पण बूड राखा. डेंगळा दिसला की आई तो मोडून भाजीत टाकायची, कारण फुलावर गेलेल्या कांद्याचा सगळा जीव बियांत जातो. बुडाशी फुटवे येत. ते वेगळे करून लावत गेलं, की वाफा वर्षानुवर्षं हलत नसे.

वस्तीवरची एक मजूर बाई दर आठवड्याला यायची. दाराशी उभी राहून म्हणायची, "वहिनी, मूठभर पात द्या," आणि पदरात घेऊन जायची. एकदा आईनं खुरप्यानं ४ फुटवे मुळासकट काढून तिच्या हातात दिले. आजी म्हणाली, "पात देत होतीस तेच बरं व्हतं. आता कशाला यील ती आपल्याकडं?"

आजी काही कंजूष नव्हती. मागण्या-देण्यातूनच गाव बांधलेलं राहतं, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं नाही. पण त्या बांधणीत एक हात कायम वर आणि एक कायम खाली असतो. पात देणाऱ्याचं काही जात नाही. ती पुन्हा फुटते, वर मोठेपणा मिळतो. मूळ देताना तो मोठेपणाही सोडावा लागतो.

तरी मूळ देणं नेहमीच चांगलं, असं मला म्हणवत नाही. ज्याला लावायला वीतभर जागा नाही, त्याच्या हातात मूळ ठेवणं म्हणजे त्याला वाटेला लावणंच. त्या बाईला झोपडीमागं एक फुटकं घमेलं मिळालं, म्हणून निभलं.

ती यायची थांबली नाही. कमी येऊ लागली, एवढंच. पण आली की ओट्यावर टेकायची, पाऊसपाण्याचं बोलायची. आधीच्या इतक्या वर्षांत ती आमच्याकडं कधी बसली नव्हती. आजी निवडायचं सूप बाजूला सरकवून तिला जागा करून द्यायची.