'वाजता'मधला ज

सकाळी पोह्यांवर शेव नि जीरावन पडतंय तोच पुण्याहून आलेल्या भाचीनं बशीशेजारी लॅपटॉप आणून ठेवला. उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या घरच्या गणपतीचं आमंत्रण तिनं वेबपानावर केलंय. मजकूर हिंदीत, खाली एक बटण : 'मराठी'.

"मामा, दाबा."

दाबलं. 'शाम सात बजे' गेलं, 'संध्याकाळी सात वाजता' आलं. पान तसूभर हललं नाही. त्या ओळीला म्हणे आयडी, म्हणजे नाव, दिलेलं असतं. क्लिक झाली की पानातला जावास्क्रिप्ट कोड त्या नावाची ओळ हुडकतो आणि तिचा टेक्स्टकंटेंट, म्हणजे मजकूर, बदलतो.  पान रिफ्रेश केलं तर हिंदी पुन्हा हजर, कारण बदल ब्राउझरपुरता. सर्व्हरवरच्या फाइलला त्याचा पत्ताही नसतो.

नजर अधू झाल्यापासून मी फोनकडूनच वाचून घेतो. तेच पान फोनवर उघडून बटण दाबलं. अक्षरं मराठी झाली, आवाज मात्र हिंदीच राहिला. 'वाजता'मध्ये जावयातला ज हवा. फोननं जगातला ज लावला. भाचीनं कोड चाळला. पानाच्या डोक्यावर 'लँग' नावाची खूण असते, तिथं अजून 'एचआय', म्हणजे हिंदी. बटणानं ओळ बदलली, ही खूण बदलायची राहून गेली होती. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. लिपी दोन्हीकडे देवनागरीच.

आमची मराठीही अशीच हिंदीशेजारी वाढलेली. मराठा सरदार राणोजी शिंद्यांच्या काळात, अठराव्या शतकात, उज्जैनमध्ये मराठी वस्ती रुजली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा बांधलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी इथून ग्वाल्हेरला हलवली, तरी बरीच घरं इथंच राहिली. आमच्याकडे दारात दूधवाल्याशी मालवी आणि मागं वळून ओट्याकडे मराठी, एकाच दमात. पुण्याचे नातलग आमचं बोलणं ऐकून गालात हसतात. इतकी वर्षं मला वाटे, शब्दांना हसतात.

भाचीनं बटणाच्या कामात एक ओळ वाढवली : मजकुराबरोबर लँगही 'एमआर', म्हणजे मराठी. फोननं 'वाजता' झकास म्हटलं. त्याच्यामागून मीही म्हणून पाहिलं.

भाची खळखळून हसली. "मामा, तुमचं अजून एचआयच आहे."