क्वारी फार्म आणि कर्तेपणाचा प्रश्न

न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा शहराबाहेरच्या टेकडीवर क्वारी फार्म हा जुना मळा असून, जवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीवरून त्याला हे नाव मिळाले. मार्क ट्वेनची मेहुणी सुसान क्रेन हिने 1874 मध्ये त्याच्यासाठी येथे बांधून घेतलेली अष्टकोनी लेखनखोली 1952 मध्ये एल्मायरा कॉलेजच्या आवारात हलवण्यात आली, आणि मळ्यातील घरही पुढे त्याच संस्थेकडे येऊन अभ्यासकांच्या निवासासाठी जतन झाले. ट्वेनच्या कादंबऱ्यांमुळे हे स्थळ प्रसिद्ध आहे. परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने ऑगस्ट 1877 मध्ये तेथील उतारावर घडलेली घटना अधिक मोलाची आहे.

सुसानची भावजय आयडा लँग्डन, तिची लहान मुलगी आणि दाई ज्या गाडीत होत्या, तिचा घोडा उतारावर उधळला, तेव्हा जॉन लुईस हा कृष्णवर्णीय शेतकरी खताची गाडी घेऊन चढावरून येत होता. त्याने ती रस्त्यात तिरकी घातली, गाडी आणि कुंपण यांमधील बेचक्यात घोडा शिरताच त्याचा लगाम धरला आणि तिघींचे प्राण वाचवले. लुईस डंकर पंथाचा, म्हणजे प्रौढांना तीनदा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या आणि युद्ध निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा अनुयायी होता. ईश्वराने या कामी आपला साधन म्हणून उपयोग केला, हा मानच कृत्याहून मोठा आहे, असे त्याने कृतज्ञतेने कळवले.

लुईसच्या मृत्यूच्याच वर्षी, 1906 मध्ये, ट्वेनने ‘व्हॉट इज मॅन?’ हा संवाद निनावी छापून घेतला. त्यात नियतिवाद, म्हणजे मनुष्य हे स्वभाव आणि बाह्य प्रभाव यांनी चालणारे यंत्र असल्याने सत्कृत्याचे श्रेय त्याचे नव्हे, हा विचार आहे. श्रद्धाळू आणि संशयवादी असे दोघेही मनुष्याचे कर्तेपण नाकारतात, तरी हे दोन नकार एकाच जातीचे मानणे चूक ठरेल. लुईसचा नकार स्वतःच्या कृत्यापुरता, जीव धोक्यात घातल्यानंतरचा आणि ज्याच्यापुढे उत्तरदायी राहावे अशा ईश्वराला उद्देशून आहे, तर ट्वेनचा सिद्धांत सर्वांच्या कृत्यांना लागू होतो आणि त्यात ऋण मानावे असे कोणी उरतच नाही. कर्तेपणाचा त्याग हा कर्त्यानेच केला तर धर्म होतो. दुसऱ्याने तो त्याच्यावर लादला तर त्यात त्या माणसाचा गौरव हिरावला जाण्याचा धोका असतो. विशेष म्हणजे घटनेनंतर मित्र हॉवेल्स याला लिहिलेल्या पत्रात ट्वेनने लुईसचे बळ आणि अचूक नेम यांचे मनापासून कौतुक केले होते, आणि त्या पत्रातला लुईस यंत्र नव्हे, तर क्षणार्धात निर्णय घेणारा माणूस आहे.