पायापुरती बाई

मुलांच्या करमणुकीत विचार करण्यासारखे काही नसते, असे म्हणणाऱ्यांना बहुधा नातवंडे नसावीत. मला एक नात आहे आणि हिंगोलीच्या आमच्या घरात संध्याकाळी टीव्हीचा ताबा तिच्याकडे असतो. परवा जुने 'टॉम आणि जेरी' चालले होते. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० साली लावून दिलेले हे भांडण माझ्या लग्नाहूनही जुने. निकाल दोन्हींचा लागायचा आहे. फुलदाणी फुटली आणि झाडू घेऊन एक बाई आली. बाई म्हणजे नुसते पाय, आणि वरून बोलणी.

"आबा, हिला तोंड काहून नाही?"

कोणी म्हणेल, उंदराच्या उंचीवरून माणसाचे पायच दिसणार. पण पुढे १९५० च्या दशकात त्याच मालिकेत गोरे नवरा-बायको राहायला आले आणि त्यांचे चेहरे मात्र व्यवस्थित दिसू लागले. तेवढ्यात उंदीर काही उंच झाला नव्हता! आधीची बाई कृष्णवर्णी मोलकरीण होती, एवढाच फरक. तिला आवाज दिला लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णी अभिनेत्रीने. पडद्यावर तिचे नावही येत नसे. पुढे १९६० च्या दशकात लोकांना हे खटकेल म्हणून टीव्हीसाठी काही चित्रांत त्या बाईचे पाय गोरे रंगवले, आवाज दुसरीचा घातला. झाडू तेवढा तोच राहिला.

प्राण्यांतल्या बायकांचीही तीच तऱ्हा. उंदीर पुरुष असला की नुसता उंदीर. बाई असली की लांब पापण्या आणि उंच टाचा. मिनी माऊस १९२८ पासून त्या टाचांवर उभी आहे. पॉपायची ऑलिव्ह तर चित्रमालिकेत १९१९ पासून होती. पॉपाय आला १९२९ साली, आणि घरजावयासारखा दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून बसला.

"चहा झालाय, घेऊन जा कुणीतरी," आतून आवाज आला.

"आजीचं पण तोंड दिसत नाही," नात म्हणाली.

मी चहा आणायला उठलो. वादात हरण्यापेक्षा कप उचलणे सोपे.

मग अशा चित्रांवर हसावे की नाही? माझे मत, जरूर हसावे. उंदराने मांजराला चकवले की मला अजून आनंद होतो. आयुष्यभर साहेबाच्या हाताखाली काढलेल्या माणसाला तो होणारच. पण फुटलेल्या फुलदाणीचे तुकडे कोण भरते, हे नातीने विचारले तर "गप बस, गंमत बघ" म्हणू नये. त्या चित्रकाराने मांजराची मिशी न् मिशी काढली होती. चेहऱ्यापुरती शाई कमी पडली, हे पटत नाही.

आमच्या जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानतात. त्यांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई गंगाखेडची. सातशे वर्षांपूर्वीची ही दासी. पण तिने अभंग रचले, त्यांत स्वतःचे नाव घातले, आणि तिच्या कथेत तर प्रत्यक्ष विठ्ठल जात्याशी बसून दळू लागतो. ज्या घरात देव दळतो, त्या घरात आबांनी कप विसळायला हरकत नसावी.