फुकटची कोथिंबीर

भाजी घेऊन झाली की आपण सहज म्हणतो, "मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका की." मावशीही चार काड्या टाकतात. वर्षानुवर्षांच्या या सवयीमुळे कोथिंबिरीला पैसे पडतात, हेच आपण विसरलो आहोत. ती एकदा घरी पेरून पाहावी, आणि तीही सोलापुरात.

धना हे खरं तर फळ. त्यात दोन बिया असतात. पोळपाटावर वाटीच्या बुडाने हलकेच रगडलं की ते दोन्ही भाग सुटे होतात. जोर जास्त लागला तर आतला अंकुर दुखावतो. मग रात्रभर भिजवून, निथळून पेरायचे. मूळ सरळ खाली जातं, म्हणून बादली असो की तेलाचा डबा, वीतभर खोल हवा आणि बुडाला भोकं हवीत. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं कोथिंबिरीला मानवत नाही. आपली काळी माती नुसती भरू नये. ओली असताना ती चिकटते, वाळली की कडक होऊन भेगाळते. शेणखत आणि थोडी वाळू मिसळली की भुसभुशीत राहते.

मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. कोथिंबीर आठ-दहा दिवस, थंडीत त्याहूनही जास्त, काहीच दाखवत नाही. तेवढे दिवस माती वाळू द्यायची नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात ही अट साधी नव्हे. उजनी धरणाचं पाणी बॅरलमध्ये साठवून पुरवून वापरणाऱ्या घरांनी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तिला द्यावं. एका डब्याला तेवढं पुरतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पेरली तर संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कापायला येते. मातीपासून दोन बोटं वर कापली तर पुन्हा फुटते. उन्हाळ्यात मात्र तिचे हाल होतात. पारा चाळिशीपार गेला की बी नीट उगवत नाही. उगवलं तर पानं बारीक होतात, दांडा वर जातो आणि लगेच फुलं येतात. अशी फुलावर गेलेली झाडं उपटून टाकू नयेत. त्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि पुढच्या पेरणीचे धनेही तिथेच धरतात.

सावलीचं कापड बांधून, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून मे महिन्यात हाती लागते ती एका वेळच्या आमटीपुरती. त्याच मे महिन्यात मंडईत हिरवीगार जुडी दिसते. विहिरीच्या तळाला गेलेल्या पाण्यावर ती कुणीतरी जगवलेली असते, उपटून, जुड्या बांधून पहाटे बाजार समितीत आणलेली असते. जुडी महागली की आपण कुरकुरतो. आवक वाढून तीच मातीमोल झाली, गाडीभाडंही निघेनासं झालं, की त्या शेतकऱ्याची आठवण कितीजणांना होते?

उद्या भाजी घ्याल तेव्हा कोथिंबीर वेगळी मागा, आणि तिचे पैसेही वेगळे द्या.